टिप क्रमांक सत्त्याण्णव

तौहीदने तिसरा स्क्रू काढून बशीत टाकला तेव्हा म्हसकरांनी त्याला थांबवलं.

"जरा जपून हं. बारा वर्षांत कुणी हात लावलेला नाही त्याला."

तौहीदने मान हलवली आणि चौथ्या स्क्रूला हात घातला. तो चाळिशीचा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून काम करणारा माणूस होता. कामोठ्याच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानाशेजारी त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं आणि घरी येऊन काम करायला तो सहसा तयार नसे. आज आला होता तो म्हसकरांच्या सुनेने, उज्वलाने, सकाळपासून दोनदा फोन केला म्हणून. जेवणाच्या टेबलावर कालचं वर्तमानपत्र पसरून त्यावर संगणकाचं कॅबिनेट आडवं ठेवलं होतं आणि श्यामसुंदर म्हसकर समोर खुर्ची ओढून बसले होते. मदतीला नव्हे, देखरेखीला.

"आधी रॅम काढून खोडरबराने घासून बघा," ते म्हणाले. "टिप क्रमांक अठ्ठावन्न."

"कसली टिप, काका?"

म्हसकर याच प्रश्नाची वाट पाहत होते. जूनमध्ये सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी गोटीराम यांचा प्रिंटर अडला होता, तो म्हसकरांनी बंद करून पुन्हा चालू करून दिला. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवसापासून अमृतकुंभ सोसायटीच्या चौसष्ट घरांच्या ग्रुपवर रोज सकाळी आठ वाजता त्यांची एक संगणक-टिप येऊ लागली. वायर नीट बसली आहे का पाहा. पासवर्ड कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवू नका. कीबोर्डजवळ पाण्याची बाटली नको. खाली खूप जोडलेले हात आणि 'छान माहिती काका' येत असे. एकशे तेरा टिपा झाल्या होत्या. आजची एकशे चौदावी तेवढी राहिली होती, जूनपासून पहिल्यांदाच.

बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात ते अठ्ठावीस वर्षं होते. तिथे पहिले संगणक आले तेव्हा ते जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरात, चढवायचं काम म्हसकरांकडे आलं. खुर्च्या, पंखे आणि कपाटांच्या खाली त्यांनी ते चढवले आणि प्रत्येकाच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने क्रमांक घातला. पुढे कार्यालयात कुणाचा संगणक अडला की लोक म्हसकरांना विचारू लागले, कारण तो कोणत्या क्रमांकाचा आहे हे फक्त त्यांना माहीत असे. अशा रीतीने ते संगणकातले झाले.

हे सगळं त्यांनी तौहीदला सांगितलं, थोडं गाळून. तौहीद ऐकता ऐकता बशीतल्या स्क्रूंकडे बघत होता. त्याने एक उचलला, चष्म्यासमोर धरला आणि परत ठेवला.

"रॅम ठीक असेल, काका. हा गरम होऊन बंद पडतोय. किती वेळ चालतो?"

"अकरा मिनिटं," स्वयंपाकघरातून उज्वला म्हणाली. "सोमवारी अकरा चालला. मग लगेच लावला तर चारच."

अकरा मिनिटं हा आकडा म्हसकरांनाही पाठ होता. सोमवारी उज्वलाची परीक्षा होती. उरणकडच्या एका कंटेनर-गोदामाच्या कंपनीत कागदपत्रांचं काम निघालं होतं, घरून करायचं. त्यासाठी पाऊण तासाची चाचणी घरीच, कॅमेरा चालू ठेवून, आधी नोंदवलेल्या मशीनवरच द्यायची. सासूबाईंच्या आजारपणात तिने वाशीची नोकरी सोडली होती. सासूबाई गेल्या त्यालाही तीन वर्षं झाली. तेव्हापासून तिने जिथे जिथे अर्ज केला तिथे मधल्या वर्षांत काय करत होतात हे विचारलं गेलं, आणि त्याचं उत्तर अर्जातल्या चौकोनात मावत नव्हतं. या कंपनीने ते विचारलं नाही. आणि अकराव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

त्या वेळी म्हसकर खोलीच्या दारात येऊन उभे राहिले होते. उज्वलाचे दोन्ही हात अजून कीबोर्डवरच होते.

"किती टॅब उघडे होते?" त्यांनी विचारलं.

"एकच, अण्णा."

मग ते हॉलमध्ये परतले होते. घरात बोलायची त्यांची पद्धत वेगळी होती. घरात जे सांगायचं ते ते ग्रुपवर लिहीत. अभयने, म्हणजे मुलाने, कीबोर्डजवळ बाटली ठेवली त्याची टिप एकतीस झाली. चार्जर रात्रभर लावून ठेवला त्याची सहासष्ट. चौसष्ट घरांना समजायचं आणि ज्याला समजायला हवं त्यालाही. समोरासमोर वाद नाही, आवाज नाही. मंगळवारी सकाळी आठ वाजता एकशे बारावी टिप आली होती: 'परीक्षा अथवा महत्त्वाचे काम सुरू असताना अनावश्यक टॅब उघडू नयेत. कालच एका घरी या निष्काळजीपणामुळे मोठे नुकसान झाले.'

एका घरी, असं त्यांनी मुद्दाम लिहिलं होतं. नाव घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम होता. दुपारपर्यंत बी विंगमध्ये सगळ्यांना ते घर समजलं. लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या खदीजाभाभींनी उज्वलाला विचारलं, "काय गं, खूप टॅब उघडलेस म्हणे?" म्हसकर मागेच उभे होते, हातात दुधाची पिशवी. उज्वला म्हणाली, "हो ना." आणि मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहिली.

नंतर तिने कंपनीला फोन लावून लावून बुशरा नावाच्या कुणा मॅडमना गाठलं. त्यांनी आणखी एक संधी दिली. आज दुपारी तीन वाजता. पुन्हा मशीन बंद पडलं तर मात्र नाव काढणार.

आता साडेदहा वाजले होते.

तौहीदने बाजूचा पत्रा सरकवून उचलला. आत राखाडी धुळीचा थर होता.

"हायवेची धूळ," म्हसकर म्हणाले. "टिप क्रमांक बारा. महिन्यातून एकदा मागची जाळी कोरड्या ब्रशने..."

"काका, जरा बॅटरी धरता?"

म्हसकरांनी बॅटरी धरली. मधल्या चौकोनी पंख्याला तौहीदने बोटाने ढकललं. पंखा थोडा हलला आणि अडला. त्याने चिमटा आत घातला, पात्यांच्या मधून काहीतरी ओढलं आणि वर्तमानपत्रावर ठेवलं. वाळलेली झेंडूची पाकळी. मग दुसरी. मग त्याने चिमट्यात काहीतरी बारीक धरून बॅटरीच्या उजेडात नेलं.

"तांदूळ हाय," तो म्हणाला.

"काय?"

"तांदूळ. कच्चा." त्याने तो पाकळीशेजारी ठेवला. "अजून हायत आत. बरेच हायत."

म्हसकरांच्या हातातली बॅटरी किंचित खाली झाली. "उंदीर," ते म्हणाले. "उंदीर आणत असतील. या भागात फार आहेत. खाडी जवळ ना."

तौहीदने दुसरा दाणा काढला, तिसरा काढला. चष्म्यावरून म्हसकरांकडे एकदा पाहिलं आणि परत आत वाकला.

"उंदीर कुंकू लावून नाय आणत, काका."

टेबलावरचे दाणे लालसर होते.

म्हसकरांनी बॅटरी दुसऱ्या हातात घेतली. गेल्याच्या मागच्या रविवारी दसरा होता. सकाळी सात वाजता त्यांनी आंघोळ करून संगणकाची पूजा केली होती, दरवर्षीप्रमाणे. कार्यालयात अठ्ठावीस वर्षं दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा त्यांच्याच हातून व्हायची. जडसंग्रह त्यांच्याकडे, म्हणून पूजाही त्यांच्याकडे. निवृत्तीनंतर घरी एकच यंत्र उरलं, त्याला हळदकुंकू, फुलं आणि वरून मूठभर अक्षता. कॅबिनेटच्या डोक्यावर जाळी होती, हे त्यांना माहीत होतं. ती गरम हवा बाहेर जाण्यासाठी असते हेही माहीत होतं. ती टिप क्रमांक एकोणीस होती. हातातल्या अक्षता आणि टिप क्रमांक एकोणीस यांची गाठ त्यांच्या डोक्यात कधी पडलीच नव्हती.

आणि त्याच दिवशी आठ वाजता त्यांनी ग्रुपवर टिप टाकली होती, एकशे तिसरी. 'यंत्राची खरी पूजा म्हणजे नियमित निगा. हळदकुंकवासारख्या गोष्टी यंत्रास घातक ठरू शकतात.' खाली एकोणतीस जोडलेले हात आले होते.

"चालायचंच," तौहीद म्हणाला. तो दाणे वेचत होता, एकेक, घाई न करता. "दसऱ्यानंतर आमचा सीझनच असतो. दिवाळीपर्यंत तांदूळच तांदूळ. गेल्या साली खांदेश्वरला एका ऑफिसात सर्व्हरवर नारळ वाढवला होता. पाणी सगळं आत."

"मग?"

"मग काय. सर्व्हर गेला. मला प्रसाद मिळाला."

म्हसकर हसले नाहीत. स्वयंपाकघरात कपबशा वाजल्या तसं त्यांनी वर्तमानपत्राची कड उचलली आणि दाण्यांवर दुमडली. तौहीदने ते पाहिलं. चिमटा हातात तसाच धरून तो थांबला.

उज्वला चहा घेऊन आली. टेबलावर जागा नव्हती, म्हणून तिने दुमडलेला कागद एका बोटाने उलगडून सरळ केला आणि दाण्यांच्या शेजारी कप ठेवला. दाण्यांकडे तिने नजर टाकली, जशी कुणी घड्याळाकडे टाकतं.

"पंखा जळलाय का हो, तौहीदभाई?"

"नाय, वहिनी. अडकला होता नुसता. फिरत नव्हता, मग गरम व्हायचं आणि मशीन स्वतःला बंद करायचं. साफ करतो, गरमी ओढून घेणारी खालची पेस्ट सुकलीय ती नवीन लावतो. होईल." त्याने बशीतला एक स्क्रू उचलला. "पण हे मशीन उघडतं कोण?"

"कुणीच नाही," म्हसकर म्हणाले. "मी म्हटलं ना, बारा वर्षांत..."

"तीन स्क्रू कंपनीचे हायत. हा चौथा शिलाई मशीनचा हाय. आणि बघा ना, बारा वर्षांची धूळ अशी नसते. ही फार तर वर्षाची."

म्हसकरांनी उज्वलाकडे पाहिलं नाही. टेबलाकडे पाहून ते म्हणाले, "अभय असेल."

"मी उघडते," उज्वला म्हणाली. "तो स्क्रू हरवला माझ्याकडून. कपाटाखाली गेला."

तौहीदने चहाचा घोट घेतला.

"सात वर्षांपूर्वी, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, असाच बंद पडायला लागला होता," ती तौहीदला सांगत होती, दुरुस्तीवाल्याला आजाराची माहिती द्यावी तितक्या सरळ. "तेव्हा उघडून बघितलं. मग दरवर्षी दसरा झाला की दोन दिवसांनी उघडायचं. तांदूळ वेचायचे, ब्रश मारायचा, लावून टाकायचं. दहा मिनिटांचं काम. अण्णा दुपारी झोपतात तेव्हा."

ते दुसरं वर्ष म्हसकरांना आठवत होतं. संगणक सारखा बंद पडत होता आणि त्यांनी तो दिवसभर बंद ठेवला होता. दुसऱ्या दिवशी लावला तर ठणठणीत. त्यावरूनच टिप क्रमांक एक तयार झाली होती. 'बंद करा, थांबा, पुन्हा चालू करा. नव्वद टक्के दोष आपोआप जातात. स्वानुभव.'

"मग यंदा?" तौहीदने विचारलं.

"यंदा नाही उघडलं."

"का?"

उज्वलाने रिकाम्या ट्रेच्या कडेवरचा साखरेचा कण अंगठ्याने पुसला.

"अण्णांनी लिहिलं होतं ना. सत्त्याण्णव नंबर. घरातल्या अननुभवी व्यक्तींनी कॅबिनेट उघडण्याचा प्रयत्न करू नये." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. म्हसकरांनी तो शोधला. टोमणा असता तर बरं झालं असतं, त्याला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

सत्त्याण्णव नंबर त्यांनी दसऱ्याआधीच्या साफसफाईत लिहिला होता. कॅबिनेटच्या पत्र्यावर, स्क्रूच्या जवळ, त्यांना एक ओरखडा दिसला होता. विचारायचं होतं, कुणी उघडलं? उज्वला चार हातांवर होती, डबे उतरवत होती. त्यांनी फोन घेतला आणि चौसष्ट घरांना लिहिलं.

त्या चौसष्ट घरांपैकी कुणी ती टिप वाचली असेल असं आता त्यांना वाटेना. गोटीरामने अजूनही पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला होता. त्यांनी स्वतः पाहिला होता. एकशे तेरा टिपा वाचणारं आणि पाळणारं माणूस एकच निघालं होतं.

उज्वला ट्रे घेऊन आत गेली.

तौहीदने तासाभरात काम संपवलं. पंखा फुंकर मारली तरी फिरू लागला. त्याने संगणक खोलीत नेऊन जोडून दिला, अर्धा तास चालवून पाहिला, जाळीवर हात ठेवून गरम लागतंय का ते बघितलं. निघताना त्याने वर्तमानपत्राचा एक तुकडा फाडला, दाणे आणि पाकळ्या त्यात गोळा केल्या आणि चार घड्या घालून पुडी म्हसकरांच्या हातात दिली.

"तुमच्या पूजेचं हाय. आमी हे कचऱ्यात नाय टाकत. तुमीच बघा काय ते."

म्हसकरांनी पुडी शर्टाच्या खिशात घातली. दारात तौहीद चप्पल घालताना थांबला.

"वहिनींनी नीट काम केलंय, काका. सात-आठ वर्षं. माझ्या घरात असं कुणी असतं तर मी शिकून घेतलं असतं."

तो गेल्यावर म्हसकर बराच वेळ दाराची कडी लावत होते.

पावणेतीनला उज्वला खोलीत गेली. परीक्षेच्या नियमाप्रमाणे खोलीत दुसरं कुणी नको, आवाज नको, फोन नको. तिने आपला फोन जेवणाच्या टेबलावर ठेवला. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं आणि समोरच्या इमारतीत कुणीतरी भिंतीला ड्रिल लावत होतं. म्हसकरांनी खिडक्या लावून घेतल्या. दाराबाहेर 'बेल वाजवू नये' असा कागद चिकटवला. मग खोलीच्या बंद दाराशी खुर्ची ठेवून ते बसले. मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं.

तीन वाजले. आत कीबोर्डच्या कळा वाजायला लागल्या.

तीन वाजून चार मिनिटांनी त्यांचा फोन थरथरला. ग्रुपवर गोटीरामने लिहिलं होतं, 'म्हसकरकाका, आज टिप नाही? तब्येत बरी ना?' त्याखाली तीन जणांनी जोडलेले हात टाकले होते.

म्हसकरांनी चष्मा पुसला. 'टिप क्रमांक ११४' असं लिहिलं. पुढे लिहिलं, 'पूजाविधी करताना यंत्राच्या जाळीवर अक्षता पडणार नाहीत याची काळजी घ्यावी.' वाचलं. उत्तम होतं. कुणाचंही नाव नव्हतं. कुणी पडल्या, कुणाच्या घरी पडल्या, काही नव्हतं. अक्षता आपल्या आपण पडत होत्या.

त्यांनी ते सगळं पुसलं.

तीन वाजून आठ मिनिटं. आत कळा चालू होत्या. त्यांनी एका बोटाने, अक्षर अक्षर करत, पुन्हा लिहिलं.

'सोमवारी आमच्या घरचा संगणक बंद पडला. तो जास्त टॅब उघडल्यामुळे नव्हे. सुनेने एकच टॅब उघडला होता. पंख्यात अक्षता अडकल्या होत्या. त्या मी टाकल्या होत्या. गेली सात वर्षे ती त्या काढत होती. टिप क्र. ११२ चुकीची आहे. टिप क्र. ९७ पण.'

अंगठा बराच वेळ बाणाच्या वर होता. मग त्यांनी तो टेकवला.

टेबलावर उज्वलाचा फोन उजळला. बसल्या जागेवरून मान लांबवून त्यांनी पाहिलं. काचेवर संदेशाची पहिली ओळ दिसत होती: 'सोमवारी आमच्या घरचा संगणक बंद पडला. तो जास्त टॅब उघडल्यामुळे...' आणि तिथेच तीन टिंबं. पुढचं मावलं नव्हतं.

ते उठले. फोन पालथा घातला. परत येऊन बसले तर घड्याळ मांडीवरून घसरून खाली पडलं होतं. उचलून पाहिलं. तीन वाजून अकरा मिनिटं.

आत शांतता होती.

म्हसकर खुर्चीच्या कडेवर आले. कळा वाजत नव्हत्या. समोरच्या इमारतीतलं ड्रिलही नेमकं थांबलं होतं. त्यांनी दाराला कान लावला. पंख्याची बारीक घरघर ऐकू येते आहे की स्वतःचंच रक्त कानात वाजतंय हे कळेना. दार ढकलावं, तर कॅमेऱ्यात ते दिसणार आणि परीक्षा त्यांच्यामुळे जाणार, दुसऱ्यांदा. ते हात दारापासून चार बोटांवर धरून उभे राहिले. खिशातली पुडी छातीला टोचत होती.

मग आत खुर्ची किरकिरली, आणि कळा पुन्हा वाजायला लागल्या. ती वाचत असणार. प्रश्न मोठा असेल.

ते बसले. त्यांचा फोन मांडीवर एकसारखा थरथरत होता. ग्रुपवर काय आलं असेल याची त्यांना कल्पना होती. निदान ती तशी तयार ठेवली होती. कुणी हसेल. कुणी त्या दसऱ्याच्या टिपेची आठवण काढेल. लिफ्टमध्ये आता त्यांनी आकड्यांकडे बघायचं. ते त्यांना न्याय्य वाटत होतं. त्यांनी फोन वर केला.

'छान माहिती काका.'

'खूप उपयुक्त. शेअर करतो.'

सात जोडलेले हात.

'अक्षता साधारण किती टाकाव्यात, काका?'

गोटीरामने लिहिलं होतं, 'धन्यवाद. लिफ्टबद्दलही एक टिप द्या.'

म्हसकरांनी सगळं दोनदा वाचलं. खदीजाभाभींचं नाव शोधलं. त्यांनीही एक अंगठा टाकला होता. नंतर अंगठे आणि हात येतच राहिले. पाठवलेला संदेश सगळ्यांच्या फोनमधून कसा काढून टाकायचा, ही टिप एक्केचाळीस होती. ती त्यांना पाठ होती. बोट ठेवून धरायचं, मग वरची टोपली. त्यांनी बोट ठेवलं नाही. पण आता तो संदेश राहिला काय आणि गेला काय, याने काही होणार नव्हतं, हेही त्यांना समजलं होतं. त्यांनी फोन बंद केला. पूर्ण बंद, बटण दाबून.

पावणेचारला कळा थांबल्या. दोन मिनिटांनी दार उघडलं. उज्वलाच्या कपाळावर घाम होता.

"झालं?"

"झालं. उत्तरं गेली सगळी. शेवटपर्यंत चालला." ती टेबलाशी गेली, पाणी प्यायली आणि फोन सरळ केला. तिची बोटं काचेवर फिरायला लागली तसे म्हसकर खुर्चीवरून उठले.

"उज्वला."

"काय अण्णा?"

"त्या अक्षता मी टाकल्या होत्या."

तिने वर पाहिलं. "माहीत आहे मला."

"तुला माहीत आहे, ते कळलं मला." त्यांनी खिशातली पुडी काढली, हातात फिरवली, परत खिशात घातली. "पण मी सांगतोय तुला. आणि सोमवारी तू एकच म्हणालीस, तेव्हा एकच होता."

उज्वलाने फोन टेबलावर ठेवला. संदेश उघडला नव्हता. स्वयंपाकघराच्या ओट्यावर नळ ठिबकत होता, तिकडे दोघांनीही पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "एकच होता."

ड्रिल पुन्हा सुरू झालं. म्हसकरांनी जाऊन दाराबाहेरचा कागद काढला, त्याची घडी केली, कुठे ठेवावी ते न कळून हातातच धरली.

"तो स्क्रू ड्रायव्हर," ते म्हणाले, "तू कुठे ठेवतेस?"

"शिलाई मशीनच्या खणात. का?"

"मला दाखवशील? कसं उघडतात ते."

"आता?"

"तुला वेळ असेल तर."

ती काही क्षण त्यांच्याकडे बघत राहिली. मग आत गेली. खण ओढल्याचा आवाज आला, आणि ती स्क्रू ड्रायव्हर आणि जुना रंगाचा ब्रश घेऊन परत आली. खोलीत संगणक अजून गरम होता. म्हसकरांनी गुडघ्यावर हात ठेवून कॅबिनेटजवळ बैठक मारली आणि स्क्रू ड्रायव्हर घेण्यासाठी हात पुढे केला.

तिने तो दिला नाही.

"आधी प्लग काढायचा असतो, अण्णा."

ही त्यांचीच चौथी टिप होती. म्हसकर टेबलाखाली वाकले. भिंतीकडे तीन काळ्या वायरी गेल्या होत्या, एकसारख्या, धुळीने माखलेल्या. त्यांनी एकीला हात लावला, मग दुसरीला. मग टेबलाखालूनच, मान वर न करता, विचारलं,

"यातली कुठली?"